बापाचा रकाना

"नोंद नाही म्हणजे तुझा बाप जन्मलाच नाही. मग तू कुठून आलीस गं?"

डहाणूच्या कचेरीतला कारकून भरल्या खोलीत मला हे म्हणाला. बाकावर रेल्वेतले एक साहेब बायकोसकट बसले होते, एक शाळामास्तर होते. सगळे हसले. बाबा माझ्या शेजारी उभा होता, चपला दाराबाहेर काढून. त्याला बस कुणी म्हणालं नव्हतं.

त्याआधी कारकुनाने बाबालाच विचारलं होतं, "जन्म कधीचा तुझा?" हा कारकून बाबापेक्षा वीसेक वर्षांनी लहान.

"वरई कापत व्हते तवा," बाबा म्हणाला. "आयस सांगं."

"साल सांग, साल."

"साल आयसला म्हाईत."

"मग आण तिला."

"ती मेली, साहेब."

पहिला हशा तेव्हा झाला. आणि खोटं कशाला सांगू, त्या हशात मीही होते. मी बारावी झाले होते. बाकावरच्या लोकांना कळावं की मी ह्याच्यासारखी नाही, म्हणून हसले. पुढचा हशा माझ्यावर आला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डी.एड.ला माझा नंबर लागला होता, राखीव जागेवर. आमच्या पाड्यावरून मास्तरीण होणारी मी पहिली. पंधरा दिवसांत आदिवासी असल्याचा दाखला द्यायचा होता, आणि दाखल्याला बापाचा जुना पुरावा हवा होता. बाबा शाळेत गेलेला नाही. उरलं कोतवाल बुक. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मरण लिहून ठेवायचा, ते रजिस्टर. त्यातला बाबाच्या जन्माचा उतारा मिळाला की माझं काम झालं.

गंजाडहून डहाणूला तीन खेपा झाल्या. एकदा साहेब जेवायला गेलेले. एकदा कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. तिसऱ्या खेपेला बुक उघडलं. आम्ही आजोबाचं नाव सांगितलं, गाव गंजाड. कारकुनाने बोट भिजवून पानं उलटली आणि वर सांगितलं ते बोलला. मागे फिरताना बाबा एसटीत एकच वाक्य बोलला. "मी जल्मलो नाय तं भात कोण लावतं एवढी वर्षं?" मला हसू आलं नाही. राग आला, आणि तोही बाबाचाच. साधं साल लक्षात ठेवता येऊ नये?

चूक कुठे झाली ते जिजीने सांगितलं. जिजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. तलासरी तालुक्यात अच्छाडच्या बाजूला राहते, हायवेपासून आत. आजीचं माहेर तेच. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओटीवर सूप घेऊन बसली होती.

"गंजाडला कशाला शोधतंस?" ती म्हणाली. "तुझा बास हिथं जल्मला. या घरात. तुझा आजा तवा आमचे घरी घरजावई व्हता. लगीन मागून झालं."

आमच्यात हे असंच असतं. दोघं आधी घर करतात. लग्नाच्या जेवणाचा तांदूळ साठेपर्यंत दोन वर्षं जातात, पाच जातात. मग लग्न लावणारी धवलेरी येते, गाणी म्हणते, आणि कधी कधी मुलं आईबापाच्या लग्नात जेवतात. मूल आधीचं की नंतरचं हा फरक कुणी लक्षातच ठेवत नाही. म्हणून आपला जन्म आजोळचा असेल हे बाबालाही सुचलं नव्हतं. आम्ही आपले आजीच्या सासरच्या गावचं बुक उघडायला लावत बसलो होतो.

तलासरीच्या कचेरीतला माणूस चांगला होता. त्याने बाबाला खुर्ची दिली. अर्ध्या तासात नोंद काढली. मुलगा. आईचं नाव, आजीचंच. गाव बरोबर. बापाच्या रकान्यात कोतवालाने आडवी रेघ मारली होती.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. आजोबा त्याच घरात राहत होता, त्याच शेतात राबत होता. कोतवालाला तो दिसला नाही.

"सापडलं ना? आता काम होईल," तो माणूस म्हणाला. कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिही. माझे वडील अनौरस असून त्यांच्या पित्याचे नाव नोंदीत नाही. खाली वडिलांचा अंगठा घे."

मी लिहायला लागले. 'माझे वडील' लिहिलं. बाबाने विचारलं, "काय लिवायला सांगतं साहेब?"

मला ते सांगता येईना. पण त्याचाच अंगठा लागणार होता.

"तुला बास नव्हता, असं."

बाबा खुर्चीतून उठला. "नव्हता? आरं, लग्नात मना खांद्यावर घेऊन उभा व्हता तो! जिजीला इचार."

खोलीत कुणी हसलं नाही. त्या माणसाने मला समजावलं, "शब्दाला काय चिकटतेस, पोरी? एक ओळ आहे. तुझं भलं होईल."

त्याला खरंच माझं भलं हवं होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. डहाणूचा म्हणाला बाप जन्मलाच नाही, हा म्हणत होता बापाला बाप नाही. आणि हे मी माझ्या हाताने लिहायचं, बाबाने खाली अंगठा उठवायचा, तेव्हा मी शिकलेली ठरणार.

मी तो कागद फाडला. दुसरा मागून घेतला. लिहिलं: आमच्या चालीप्रमाणे माझ्या आजीआजोबांनी आधी घर केले, नंतर लग्न लावले. माझे वडील त्या लग्नात हजर होते. त्यांच्या पित्याचे नाव नोंदीत चढवावे. आजोबाचं नाव लिहिलं. बाबाला वाचून दाखवलं. त्याने अंगठा उठवला.

"याच्यावर दाखला मिळणार नाही," तो माणूस म्हणाला.

मिळाला नाही. पंधरा दिवस गेले, माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या वर्षी मी बाबाबरोबर भात लावला आणि रडलेही. कागद फाडल्याबद्दल मात्र नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, जिजीचा जबाब जोडून. त्याच्या पुढच्या वर्षीही. शब्द एकही बदलला नाही. टेबलामागे नवा माणूस येतो, उतारा बघतो, रेघेवर बोट ठेवतो आणि तोच शब्द सुचवतो. रेघेच्या जागी आजोबाचं नाव येईपर्यंत मी जात राहणार आहे. आता मी उभ्याने बोलत नाही. आधी बाबाला बसवते, मग मी बसते, आणि समोरच्याला विचारते, "साहेब, तुमच्या आजोबांच्या लग्नात तुमचे वडील कुठे होते?"

माझा बाप खांद्यावर होता.