तिचं नुसतं "व्हय का?"

मी आणि माझी मैत्रीण एकाच सरांकडे पीएचडी करतो. मी प्रश्नावली घेऊन बायकांच्या मुलाखती घेते. ती त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसते, मधूनच "व्हय का?" म्हणते आणि गप्प राहते. सर तिचंच कौतुक करतात, आणि माझा जळफळाट होतो.

सरावासाठी मी आधी आईलाच प्रश्न विचारले होते. "बरं चाललंय," एवढंच ती म्हणाली होती.

परवा मैत्रीण कळसला आमच्या घरी आली. स्वयंपाकघरात आई तिला सांगत होती, लग्नानंतर एकदा आई घर सोडायचं म्हणून पिशवी भरून इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत गेली होती, आणि माघारी आली होती.

मैत्रीण गेल्यावर मी आईवर चिडले, "मला का नाही सांगितलंस?"

आई म्हणाली, "तू कवा गप बसलीस?"