रोवळीतल्या चाव्या

हळदीच्या दिवशी प्यायलेल्यानं गाडीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा माझाच. आमच्या कर्जत-खालापूरकडे हळद म्हटली की सकाळपासून मटण शिजतं आणि मांडवामागे बाटल्या उघडतात. ते बंद करणं सासऱ्यांच्यानं झालं नाही, माझ्यानं काय होणार! म्हणून मी तांदूळ धुवायची रोवळी मांडीवर घेऊन दारात बसायचे. प्यायचं तर प्या, पण आधी चावी इथं टाका. पाहुणे मला फौजदारीण म्हणायचे. म्हणेनात का.

माझ्या लेकीच्या हळदीला धाकटा भाऊ खालापूरहून मोटारसायकलवर आला. रसायनीच्या कंपनीत कामाला होता, एरवी महिनोन्‌महिने थेंबाला शिवायचा नाही. पण तो पडला नवरीचा मामा. पहिला ग्लास मामाच्या मानाचा, असं म्हणत दिरांनी त्याला बसवलं. मीही हसत बघत राहिले. दोन तरी ग्लास झाले असतील.

मांडवाला उंबराची डहाळी मामानंच आणायची असते. पूर्वी आमचा उंबर ओढ्याकाठी होता, सगळे वाजतगाजत पायी जायचे. तिथं प्लॉट पडले आणि तो तोडला. आता जवळचा उंबर म्हणजे नेरळच्या रस्त्याला, चार किलोमीटरवर. भर दुपारी भाऊ माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला. मी आधी नाहीच म्हटलं.

"ताई, मामाची पण चावी अडवतीस का गं?"

चार बायका ऐकत होत्या. मामा रुसला तर लेकीची हळद कशी लागायची, या एकाच काळजीनं मी विरघळले. त्याला लिंबू-मीठ चाटवलं, तांब्याभर ताक पाजलं. आमच्याकडे ताक पोटात गेलं की उतरली असंच धरून चालतात, मीही तेच धरलं. त्याचे डोळे बघितले, बरे वाटले. रोवळीतून त्याची चावी मीच काढून दिली.

परत येताना वळणावर उभ्या डंपरवर तो आदळला. जागीच गेला. डहाळी पाठीला तशीच बांधलेली होती. कर्जतच्या दवाखान्यातल्या कागदावर दारू आली, आणि लोक बोलू लागले की बहिणीचं ऐकलं नाही, चावी उचलून पळाला. ते पहिल्यांदा कोण बोललं, देव जाणे. त्या चार बायकांनी तोंड शिवलं, आणि मीही. भावजय दोन पोरांना पोटाशी धरून बसली होती. तिच्या शेजारी बसून मी रडले, पण तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. सहा वर्षं निघालं नाही. मेलेल्या भावावर आळ राहू दिला मी. इतकं नालायक कुणी असू नये.

यंदा त्याच्या लेकीचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी खालापूरला, त्यांच्या घरी, भावजय रिकामी रोवळी घेऊन माझ्यापुढे आली. माझे हातच पुढे होईनात. तिला परसात नेलं आणि म्हटलं, "त्या दिवशी चावी मीच दिली होती गं त्याला."

ती शिव्या देईल, रडेल, असं वाटलं होतं. तिनं नुसता पदर सारखा केला.

"ठाऊक हाय मला, वन्सं. तेराव्यालाच कळलं. म्हनून तर रोवळी तुमच्याच हातात देते."

मी दारात बसले. दुपारी तिचा भाऊ, नवरीचा मामा, तांबारलेले डोळे घेऊन आला. डहाळी आणायला जायचं होतं त्याला. त्यानं हात पुढे केला, मानाचं बोलला, मग आवाज चढवला. भावजय स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडेच बघत होती. मी रोवळी पदराखाली ओढली आणि चालत जा म्हटलं.

मामा रुसला. तणतणत मांडवाबाहेर गेला, पायी.