शेवट कपाटात आहे

नाहूरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. ते मीच थाटलं आणि मीच त्याच्या मुळावर उठले, तेही टाळ्या घेत घेत.

झालं असं, की त्यातल्या गोष्टी मोठ्याने वाचून, मोबाइलवर रेकॉर्ड करून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू लागले. राक्षसाची गर्जना, म्हातारीचा खोकला, सगळं माझंच. हौस पन्नाशीतही जात नाही. पोरं ऐकत ऐकत मुकाट जेवायची, आया खूश. कपाटाकडे मात्र दोन महिने कुणी फिरकलं नाही. कशाला फिरकतील? मी घरपोच होते ना!

मग सेक्रेटरीकाका मोजपट्टी घेऊन आले. ऑनलाइन मागवलेली पार्सलं जिन्यापर्यंत पोचली होती, त्यांना जागा हवी होती. रविवारपर्यंत कुणी एक तरी पुस्तक नेलं तर ठीक, नाहीतर कपाट हलणार, असं त्यांनी बजावलं.

त्या संध्याकाळी मी नवी गोष्ट टाकली. खारदांड्याचा खेकडा कोळणीच्या पाटीतून निसटून बँक मॅनेजरच्या पिशवीत शिरतो. मॅनेजर रुमालासाठी पिशवीत हात घालतो... आणि मी थांबले. म्हटलं, शेवट कपाटात आहे.

सकाळी कपाटापाशी पहिले हजर झाले ते काकाच.

"ताई, शेवट सांगून टाका. नात काल धड जेवली नाही."

"मला आठवत नाही बुवा," मी धडधडीत खोटं बोलले.

काकांनी कपाट उघडलं, पण चष्मा घरी राहिला होता. शेवटी नातच खाली आली. तिसरीतली, इंग्रजी शाळेतली. मराठी वाचायची ती दुकानांच्या पाट्यांपुरती. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत तिने सुरुवात केली. भोवती पाच-सहा पोरं जमली.

"लवकर वाच ना यार," एकजण कुरकुरला.

"मग तू वाच."

तो मांडी ठोकून ऐकायला बसला.

दोन पानांना अर्धा तास लागला. खेकड्याचा आवाज माझ्या घशाशी आला होता. ओढणी तोंडात धरून मी बसले. खेकडा बोलायची वेळ आली तेव्हा पोरीने नाकातून असा किरकिरा आवाज काढला, की काका हसता हसता पार्सलांच्या ढिगावरच बसले.

मग त्यांनी मोजपट्टी खिशात घातली आणि पार्सलं ज्याची त्याने वर न्यावीत, असं जाहीर करून टाकलं.

नातीने आणखी एक पुस्तक काखेत मारलं. "काकू, ही गोष्ट ग्रुपवर मी टाकणार. तुम्ही नका टाकू."

"आणि शेवट?"

"तो वाचायला तुम्ही खाली या."