साडेछत्तीस

गारखेड्यातल्या एका हॉस्पिटलात मी मशिनं सांभाळते. आमच्या खात्यात बाई मी एकटीच. रुजू झाले तेव्हा "ही काय स्क्रू पिळणार" असं तोंडावर ऐकलंय, म्हणून कामात कुणाला नाव ठेवायला जागा द्यायची नाही, हा माझा हट्ट. हट्ट कसला, मस्तीच ती.

बाहेरून तपासणीवाले येणार असले की आदल्या दिवशी आमची एक रीत होती, साहेबांनीच शिकवलेली. 'तपासले' असं छापलेली स्टिकरं आधी सगळ्या मशिनांवर चिकटवायची, खाली सही ठोकायची आणि मग जमेल तसं खरोखर तपासत जायचं. त्या वेळी माझ्याइतकी भराभर कुणीच चिकटवली नाहीत. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरवरही एक लावलं. दुपारी येऊन बघू म्हटलं, तेवढ्यात डायलिसिसचं मशीन बंद पडलं, तिकडे पळाले. वॉर्मर राहिलाच.

तपासणी झकास पार पडली. दोन दिवसांनी बाळांच्या खोलीतल्या सिस्टरचा फोन आला. ती पैठणकडची, स्वभावानं भिडस्त.

"मॅडम, लेकरू हाताला लई तापलेलं लागतंय. अन् मशीन साडेछत्तीसच दाखवतंय, म्हंजी नॉर्मलच. येऊन बघता का जरा?"

मी वैतागले. "अहो सिस्टर, परवाच तपासलंय मी ते. स्टिकर बघा की. तुमचेच हात गार असतील."

मी खोटं बोलत नव्हते. इतक्या सह्या केल्या होत्या की मला तपासल्याचंच आठवत होतं. तिनं थर्मामीटर लावलं नाही. मी एवढं ठासून सांगितल्यावर कशाला लावेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं. कागदावर तेच कारण लागलं. मग मी वॉर्मर तपासला. बाळाच्या अंगाला चिकटवायची वायर दोन अंश कमी दाखवत होती. बाळाचं अंग साडेअडतीस असलं तरी मशीनला साडेछत्तीसच दिसायचं, म्हणून ते तापवतच राहिलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी वायर बदलली, जुनी खिशात टाकली. "तसंही ते वाचणारं नव्हतं. आता तोंड उघडू नकोस."

मी उघडलं नाही. नोकरीच्या भीतीनं नव्हे. बायकांकडून हेच व्हायचं, असं म्हणतील म्हणून. हे लिहिताना स्वतःची किळस येते. आता मी तपासल्याशिवाय सही करत नाही, पण त्यानं कुणाचं लेकरू परत येणार आहे?

सिस्टर अजून तिथंच आहे. आपलाच हात चुकला, अशी तिची समजूत. परवा एका नव्या मुलीनं बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि शंकेनं मशीनकडे पाहिलं. सिस्टरनं तिचा हात हळूच बाजूला केला.

"हातावर जाऊ नगं, बाई. मॅडमनी तपासलंय नव्हं? मग झालं."

आणि माझ्याकडे बघून विश्वासानं हसली. मीही हसले.