न दुखणारा हात

बाबा आमच्या गावात, रोहण्यात, सुतारकी करत. लाकूड तासायचा वाकस धरून धरून त्यांच्या बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, पिवळट आणि चिंचोक्यासारखे टणक. चुलीवरचा उकळत्या चहाचा गंज ते फडक्याशिवाय उतरवत. मला त्याचा अभिमान होता. माझ्या बाबांना चटका लागत नाही, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगे.

मी सातवीत होते. बाबा बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवत असताना करपल्याचा वास आला. पाहिलं तर त्यांच्या हाताची कड लोखंडाला टेकली होती. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात उचलला. कातडी तिथेच चिकटून राहिली.

"मले तं काई समजलंच नाई," ते म्हणाले आणि हसले.

महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा माय त्यांना आर्वीच्या दवाखान्यात घेऊन गेली. मीही सोबत होते. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून हातावर ठिकठिकाणी टाचणी टोचली. घट्ट्यांवर दाबली की बाबा हो म्हणत. करंगळीच्या बाजूला, जिथे कातडी मऊ होती, तिथे रक्त आलं तरी ते गप्पच.

डॉक्टरांनी मायला समजावलं, की घट्टा म्हणजे नुसती जाड झालेली कातडी, तिच्याखालचा हात जिवंत असतो. इथे मात्र नसच मेली आहे. मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. गोळ्यांनी महारोग थांबेल, पण गेलेली जाणीव परत यायची नाही.

येताना एसटीत बाबा एवढंच बोलले, "मले वाटे, काम करून करून झालं."

गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त दाराच्या चौकटी आर्वीहून यायला लागल्या. ताट वेगळं करायची गरज नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं तरी माय बाबांचं ताट वेगळं ठेवी, आणि मीही त्या ताटाला हात लावत नसे. दोन वर्षांत त्यांची दोन बोटं आत वळली.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न झालं, तेव्हा कन्यादान काकांनी केलं. वडील बाहेरगावी आहेत, असं पाहुण्यांना सांगितलं होतं. बाबा मागच्या खोलीत बसून होते. निघताना मी पाया पडायला आत गेले, तर त्यांनी दोन्ही हात धोतराखाली घेतले.

"जाय," ते म्हणाले, "मोटार निघून जाईन."