कुठं चुकलं, ते सांग

गोंदियाच्या त्या ऑफिसात माझा पहिलाच दिवस होता. मी लिहिलेला प्रोग्राम सुरू होईना. पडदा लाल अक्षरांनी भरला की मी घाईघाईने तो पुसायची आणि पुन्हा बटण दाबायची. मागून एक दमलेला आवाज आला.

"काऊन पुसून राहिली वं? त्यानं एवढं सांगितलं, तू वाचलं तरी का?"

"चालत नाहीये, मॅडम."

"चालत नाही हे तर खालचा भांडेवालाही सांगन. तो काय म्हणून राहिला, ते वाच. मोठ्यानं."

मी ती इंग्रजी ओळ अडखळत वाचली. बाईंनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे, त्याले 'वेट' नावाचं काही सापडत नाही. सापडन कसं? वरती तू एक अक्षर खाल्लं." खरंच खाल्लं होतं. मी वर पाहिलं, तोवर त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्याही होत्या, सुजलेले पाय एका पालथ्या खोक्यावर ठेवून.

या शीलाताई. मुर्रीहून रोज जुन्या स्कूटीवर यायच्या. साखरेच्या आजाराने पन्नाशीतच अंगातलं बळ गेलं होतं. बिनसाखरेचा चहा त्या औषधासारखा तोंड वाकडं करून प्यायच्या. भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. राईस मिल, शाळा, दवाखाने यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम करायचो. शीलाताई सगळ्यांत जुन्या, आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. भरणाऱ्याची चूक झाली की पडद्यावर येणारे संदेश मात्र त्या सविस्तर लिहीत. त्या म्हणायच्या, "'चुकलं' म्हणून कोणीही सांगते. कुठं चुकलं अन् आता काय करू, हे सांगन तो कामाचा."

तिरोड्याकडच्या एका मिलमधल्या काटेवाल्याचा एकदा फोन आला. ट्रकचं वजन टाकताना पडद्यावर आलं होतं, 'रिकाम्या ट्रकचे वजन भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त दिसते. दोन्ही आकडे उलट भरले का, ते पाहा.' त्याने पाहिलं, उलटे भरले होते, त्याने सरळ केले. मग फोन कशाला? तर म्हणे, "मॅडम, हे कोणं लिहिलं जी? बाजूले उभं राहून सांगितल्यासारखं वाटलं." त्या दिवशी शीलाताई दिवसभर हसऱ्या होत्या. तसे दिवस पुन्हा फारसे आले नाहीत.

आमच्या मालकांना सगळे भैयाजी म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना पडदा देखणा हवा असे. "मैडम, इतना लंबा कौन पढ़ता है? ग्राहक डर जाता है," ते म्हणत. एका खासगी नर्सिंग कॉलेजसाठी शीलाताईंनी प्रवेशाचा प्रोग्राम केला, तेव्हा भैयाजींनी त्यांचे सगळे संदेश काढायला लावले आणि त्या जागी दोनच शब्द टाकले, 'अवैध माहिती'. शीलाताई भांडल्या. मग थकल्या. "करा जी, तुमचंच हाये," म्हणाल्या आणि पाय खोक्यावर ठेवले.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एक मुलगी जिना चढून वर आली. सालेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, रोशनी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रमाणपत्रं. त्या नर्सिंग कॉलेजातल्या कोणीतरी तिला आमचा पत्ता दिला होता. प्रवेशाची मुदत टळून गेली होती. ते तिला माहीत होतं. ती उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, मले फक्त येवढं सांगा. माझा कोणता कागद खोटा हाये?"

शीलाताईंनी चष्मा सरळ केला. "खोटा? कोण म्हणे?"

"कॉम्प्युटर म्हणे. अवैध म्हणे."

अवैध म्हणजे खोटं, असा अर्थ तिने लावला होता. तिने फोटो बदलून पाहिला, दाखला बदलून पाहिला. मग जातीच्या प्रमाणपत्रावर संशय आला, म्हणून आईला घेऊन तहसीलला चकरा मारल्या. गावात कुजबुज झाली की पोरीचे कागदच बनावट आहेत. आई रोज रडायची.

शीलाताईंनी तिला बसवलं आणि तिची माहिती स्वतः भरायला घेतली. पडद्यावर तेच, 'अवैध माहिती'. आमचाच प्रोग्राम, पण तो आम्हालाही काही सांगेना. एकेक रकाना बदलून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुपार त्यातच गेली. शेवटी सापडलं. वडिलांच्या नावाच्या जागी रोशनीने नुसती आडवी रेघ टाकली होती. आई-वडिलांचं लग्न झालं नव्हतं, बापाचा पत्ता नव्हता. ती काय लिहिणार? प्रोग्रामला तिथं अक्षरं हवी होती. शीलाताईंचा मूळ संदेश मला आठवत होता, 'वडिलांचे नाव नसेल तर आईचे लिहा, चालेल.' तोच तर काढला होता.

"तुझा एकबी कागद खोटा नाही, बेटा," शीलाताई म्हणाल्या. "आईचं नाव लिहिलं असतं तर झालं असतं."

रोशनीने कागद पुन्हा पिशवीत गुंडाळले. मग म्हणाली, "मंग माझ्या मायले काऊन रडवलं तुम्ही?"

भैयाजी मान खाली घालून बसले. शीलाताई तिला घेऊन कॉलेजात गेल्या, प्राचार्यांना विनवून आल्या. जागा भरल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही गाडीने सालेकशाला गेलो, तिथून ऑटोने पुढं. रोशनीची आई अंगणात सुपाने हलकं, लवकर पिकणारं धान पाखडत होती. शीलाताईंना खाली बसणं जमत नसे, तरी त्या बसल्या.

"बाई, तुमच्या पोरीचे कागद सारे खरे हायेत. चूक आमची होती. मी त्या दिवशी अडून राहाले पाहिजे होतं, नाही राहिली."

आईने सूप थांबवलं नाही. कोंडा उडत राहिला. "हे तेव्हाच सांगाचं होतं ना," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि आम्हाला पाणी आणून दिलं.

परतीच्या गाडीत शीलाताई एकदाच बोलल्या. "बरोबर बोलली ते माय."

सोमवारी त्या आल्या आणि एकेक करून सगळे जुने संदेश परत लिहायला बसल्या. भैयाजींनी पाहिलं आणि या वेळी अडवलं नाही. काम संपेपर्यंत हिवाळा गेला. मग डोळे दगा देऊ लागले, आणि शीलाताईंनी नोकरी सोडली.

पुढच्या पावसाळ्यात रोशनीला दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. अर्ज भरताना मीही तिथं होते. मी मुर्रीला जाऊन शीलाताईंना सांगितलं. त्या खाटेवर पडून होत्या, दिसत जवळजवळ नव्हतंच.

"तिच्या मायले कळलं का?" त्यांनी विचारलं.

"मायच घेऊन आली होती पोरीला. स्वतः उभी होती सगळा वेळ. वडिलांच्या नावाच्या जागी तिचंच नाव लागलं."

शीलाताईंनी हात चाचपडत माझा हात धरला. "मंग झालं," म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.