काकांचं नख

आमच्या पुलगावच्या वर्कशॉपात मोजमापाच्या साधनांपेक्षा मिस्त्रीकाकांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा दरारा मोठा. ते त्यांनी मुद्दाम वाढवलेलं. तयार मालावरून नख फिरवायचं. अडकलं की माल नापास. मला त्या नखाची भीती वाटायची आणि चीडही यायची.

एकदा सिंदीच्या जिनिंग मिलच्या यंत्राचे दोन शाफ्ट आले. आरशासारखे पॉलिश केलेले, फक्त एका टोकाला आटे पाडायचे बाकी. आयटीआय करून लेथवर उभी राहिलेली मी तिथली पहिली मुलगी. आटे म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मीच समजत होते. पहिला शाफ्ट सरळ लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, घालून घट्ट आवळला. आटे झकास पडले. बाहेर काढला, तर चकाच्या तीन जबड्यांचे तीन चावे, आणि तेही नेमके बेअरिंग बसायच्या जागेवर.

नख फिरलं. तीनदा अडकलं.

"काऊन वं पोरी, शाफ्ट धरला का चोर धरला?" काका म्हणाले. "हा तर आता नवा करून द्या लागते. दुसराबी असा झाला, तं तुले ड्रिलवरच पाठवतो."

ड्रिलवर म्हणजे दिवसभर नुसती भोकं पाडायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चकात धरून त्याला शाफ्टच्या मापाचं भोक पाडलं आणि एका बाजूने चीर दिली. झाली बांगडी. जबडे चावतील ते बांगडीला, बांगडी शाफ्टला नुसती कवटाळेल. भंगारातली तेवढ्याच जाडीची सळई घालून बघितली, तर ती फिरताना डुलायला लागली. काका लांबून बघत होते. त्याचाच जास्त राग आला.

चहा पिताना डोक्यात उजेड पडला. चीर द्यायला बांगडी काढली होती आणि परत लावली ती कशीही, मग भोक मधोमध राहणार कसं? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! दुसरी बांगडी केली. या वेळी काढण्याआधीच पहिल्या जबड्यासमोर खूण केली. चिरेच्या आतली खरखर पॉलिश पेपरने घासली. मग खूण जुळवून बांगडी लावली, शाफ्ट घातला आणि हाताने फिरवून बघितला. डुलणं मोजणाऱ्या डायलचा काटा जागचा हलेना.

आटे पाडून शाफ्ट काकांपुढे धरला. नख एकदा फिरलं, दोनदा फिरलं. काकांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा फिरवलं. कुठे म्हणजे कुठे अडकलं नाही. मी अशी ओरडले की पलीकडच्या वेल्डरने काम थांबवलं.

"उद्यापासून नख तू वाढवजो," काका म्हणाले. "माह्यं आता झिजलं."

आता माझं नख फिरल्याशिवाय आमचा माल दाराबाहेर पडत नाही. परवा काकांच्याच हातचा एक शाफ्ट मी नापास केला. घाईत त्यांनी बांगडी घातली नव्हती.